शक्यता नाकारता येत नाही

कात्रीकाकू हे नाव त्यांना धंद्यावरून पडलं की जिभेवरून, याबद्दल गावात दोन मतं होती. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं केस कापायचं दुकान होतं. दोन आरसे, दोन खुर्च्या, मागे केस धुवायचं बेसिन आणि भिंतीला टेकून एक लांब बाकडं. बाकड्यावर बसणाऱ्यांतल्या निम्म्यांना केस कापायचे नसायचेच, ते बातम्या द्यायला आणि घ्यायला यायचे. गावात कोणाचं काय दुखतंय हे डॉक्टरच्या आधी काकूंना कळायचं.

त्यांचा नवरा छपरं दुरुस्त करायचा. उंच, हडकुळा आणि बोलायला अगदी मोजका माणूस. "आमच्या दोघांचा धंदा एकच," असं तो गमतीनं म्हणायचा, "गळायला लागलं की लोकांना आमची आठवण होते." ज्याच्या हाताखाली तो शिकला त्यानं त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की शिडीवर चढणाऱ्यानं दोन गोष्टींना शिवायचं नाही, दारूला आणि फुशारकीला. त्यानं जन्मात दोन्हींना हात लावला नव्हता. मित्रांच्या बैठकीत तो सरबताचा पेला घेऊन कोपऱ्यात बसायचा आणि शेवटी सगळ्यांना घरी पोचवायचं काम त्याच्याच गळ्यात पडायचं.

गावाबाहेरच्या ओसाड माळावर एका कंपनीनं रॉकेटच्या चाचण्यांचा तळ उभारला, तेव्हा गाव सुरुवातीला हरखून गेलं. हे रॉकेट पुढे माणसं न्यायला होतं, पण तूर्त रिकामंच उडायचं, आणि पृथ्वीभोवती फिरायला जात नसे. सरळ वर जायचं, आभाळ जिथे काळं पडतं तिथवर पोचायचं, काही क्षण तरंगायचं आणि आल्या वाटेनं खाली येऊन आपल्याच शेपटीवर उभं राहायचं. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. पहिल्या उड्डाणाला अख्खं गाव गच्चीवर होतं. चौथ्या-पाचव्याला नुसती मान वर करायची. पुढे पुढे तर लोक दोरीवरचे कपडे सांभाळायचे, कारण खाली येताना रॉकेट आवाजाच्याही पुढे धावायचं आणि त्याचे दोन दणके असे बसायचे की कपाटातली भांडी एकमेकांवर आपटायची.

बाकड्यावर मग वाद रंगायचे. "उंबऱ्याला पाय लावून परत यायचं, याला काय प्रवास म्हणतात?" टॅक्सीवाला विचारायचा. "आणि तेही त्याच त्या वाटेनं! माझं गिऱ्हाईक असं वागलं तर मी त्याला वेड्यांच्या इस्पितळात सोडीन." लॉजवाली मालकीण म्हणायची, "त्यांना पाहिजे तितक्यांदा उडवू दे, माझ्या खोल्या भरतायत ना?" शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, गावातले निम्मे लोक ज्यांच्या हातचा मार खाऊन मोठे झाले होते, त्या शांतपणे सांगायच्या, "पाढा एकदा म्हणून पाठ होतो का रे?" काकू हसायच्या आणि कात्री चालवायच्या. त्यांना रॉकेटचं ना सोयर ना सुतक. त्यांच्या एकुलत्या एक लेकीला मात्र त्या तळावर मेकॅनिकची नोकरी लागली होती. झडपा आणि नळ्या तपासायचं काम. पोरगी आनंदानं फुलून गेली होती, म्हणून काकूही खूश होत्या.

आणि मग तो दिवस आला.

नेहमी उड्डाणाआधी भोंगा वाजायचा. त्या दिवशी वारा बदलेल म्हणून उड्डाण अलीकडे आणलं आणि भोंगा वाजवायचं राहून गेलं. काकूंचा नवरा बेकरीच्या छपरावर होता, उतारावर ओणवा, दोन्ही हातांत पत्रा. डोक्यावर आभाळात दणका झाला. पत्रा सुटला, पाय सुटला आणि तो खालच्या फरशीवर पाठीवर पडला. जीव वाचला, पण कंबरेची जी वाट लागली ती लागलीच. पुन्हा शिडी चढायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

इथपर्यंत काकूंनी दैवाला दोष दिला असता आणि कामाला लागल्या असत्या. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टीव्हीवर कंपनीचा प्रवक्ता आला. त्याला गाव मखमल म्हणायचं. आवाजच तसा होता, ऐकताना अंगावरून कोणी हात फिरवतंय असं वाटायचं. तीन वर्षांपूर्वी तो या गावात राहायला आला, इथेच घर बांधलं, सगळ्यांशी गोड. बातमीदारानं त्याला विचारलं की भोंगा का वाजला नाही. मखमल किंचित हसला आणि म्हणाला, "त्याची चौकशी होईलच. पण संबंधित कामगारानं मद्यप्राशन केलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

एवढंच. पुढची बातमी हवामानाची होती.

इस्पितळाच्या खोलीत, भिंतीवरच्या टीव्हीखाली, काकूंचा नवरा पलंगावर उताणा पडून हे ऐकत होता. तो बायकोकडे बघून म्हणाला, "अगं, मी तर..." आणि थांबला. स्वतःच्या बायकोला आपण पीत नाही हे सांगावं लागतंय, याची त्याला लाज वाटली असावी.

गाव वाईट नव्हतं. पण गावाला जीभ असते आणि जिभेला हाड नसतं. तो काठी टेकत बाजारात यायला लागला तेव्हा कोणी तरी म्हणालं, "काय, आज सरळ चालताय!" कोणी तरी डोळा मारला. त्यानं पहिल्या पहिल्यांदा सगळ्यांना समजावून सांगितलं, "मी पीत नाही हो, कधीच नाही." त्यावर लोक आणखी हसायचे, कारण पिणारे सगळे हेच म्हणतात. मग त्यानं समजावणं सोडलं. मग बाजारात येणं सोडलं. शेवटी तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसायला लागला, पडदा ओढून. ज्या माणसानं आयुष्यभर गावाला वरून पाहिलं, त्याला आता गावाच्या नजरेला नजर देववेना.

काकूंना रडू आलं नाही. आत कुठे तरी काही तरी घट्ट बसलं, एखादा खिळा शेवटच्या ठोक्यानं बसतो तसं. 'तोंडानं मारलंस ना,' त्या मनात म्हणाल्या, 'तोंडानंच मरशील.'

त्यांनी मखमलला शिव्या दिल्या नाहीत, तक्रार केली नाही, रस्त्यात त्याची वाट अडवली नाही. त्यांना माहीत होतं की दुखावलेल्या माणसाची लोक कीव करतात, पण विश्वास ठेवत नाहीत. मखमलची सगळी प्रतिष्ठा त्या रॉकेटच्या शेपटीवर उभी होती. मग शेपटीलाच हात घालायचा.

हत्यार हाताशीच होतं. बेसिनमध्ये मान मागे टाकून, डोळे मिटून, डोक्यावर कोमट पाणी घेणारा माणूस वाद घालत नाही. कानात पडेल ते आत घेतो. काकूंनी नवऱ्याचं नाव एकदाही काढलं नाही. लॉजवालीचे केस धुताना म्हणाल्या, "कंपनी म्हणे आपली स्वतःची वसाहत बांधतेय. मग तुमच्या खोल्यांत कोण राहायचं?" टॅक्सीवाल्याची मान भादरताना म्हणाल्या, "एवढ्यांदा करूनही यांना जमत नाही म्हणजे काही तरी गोम असणार. ज्याला येतं तो एकदाच करतो." लेकुरवाळ्या आईला म्हणाल्या, "बाळ दणक्यानं दचकतं का हो? दचकणारच. कानाचं काय होतंय ते दहा वर्षांनी कळेल." बेकरीवाल्याला म्हणाल्या, "वर जायचं आणि खाली यायचं. मांजरसुद्धा झाडावर चढलं तर निदान चिमणी घेऊन उतरतं." हे मांजर गावाला फार आवडलं. आठवड्याभरात ते काकूंकडेच परत आलं, बाकड्यावरच्या एकानं आपलं म्हणून ऐकवलं.

हे वर्षभर चाललं. ज्याचा त्याचा केस वेगळा तसा ज्याचा त्याचा कान वेगळा. कुणाला भीती, कुणाला चीड, कुणाला नुसता विनोद. आधी वर्तमानपत्राच्या पाहणीत बहुतेक गाव चाचण्यांच्या बाजूनं होतं. मग ते अर्धं अर्धं झालं. मग पारडं फिरलं. लोक म्हणायचे, "आम्ही विचार करून मत बदललं." काकू मान डोलवायच्या.

घरात एकच माणूस होतं ज्याला सगळं दिसत होतं.

"आई, हे तू करतेयस," लेक एके दिवशी दुकान बंद करताना म्हणाली. ती कामाच्या कपड्यांतच आली होती, बाहीला वंगण लागलं होतं.

"मी केस कापते."

"मांजराचा विनोद तुझा आहे. मी तुझ्या पोटची आहे, मला तुझे विनोद कळतात." ती बाकड्यावर बसली. "ऐक. मागच्या उड्डाणात एक झडप थोडी उशिरा मिटली. त्याच्या आधीच्या अकरा वेळा ती बरोबर मिटली होती. आम्ही अकरावर थांबलो असतो तर ती बाराव्या वेळी, आत माणसं बसलेली असताना उशिरा मिटली असती. तू मला नवीन ब्रेकच्या गाडीत बसवशील का, एकदा लागला म्हणून?"

काकू झाडू मारत राहिल्या. पोरीचं म्हणणं त्यांना पटलं होतं. अगदी पूर्ण पटलं होतं, आणि हेच वाईट होतं. पटलं नसतं तर सोपं गेलं असतं.

"बाबांना कोणी पाडलं?" त्यांनी विचारलं.

"भोंग्यानं. भोंगा न वाजवणाऱ्यानं. त्याला कंपनीनं काढलंही. रॉकेटनं नाही पाडलं."

"आणि पडलेल्या माणसावर चिखल कोणी फेकला?"

"त्या मखमलनं. मग त्याला धर ना! तिथल्या दोनशे माणसांच्या पोटावर का पाय देतेस? माझ्या पोटावर?"

"तो उभा आहे त्यावर पाय दिल्याशिवाय तो पडायचा नाही," काकू म्हणाल्या आणि केसांचा ढीग सुपलीत भरला. लेक उठली आणि दार आपटून गेली. आपटलेल्या दाराकडे काकू बराच वेळ बघत होत्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं गिऱ्हाईक बेसिनवर मान टाकून बसलं, तेव्हा त्यांनी पाणी कोमट केलं आणि पुन्हा सुरुवात केली.

तळाचा परवाना वाढवायचा की नाही, यावर नगरपालिकेनं जाहीर सभा ठेवली आणि नंतर मतदान. सभागृह खच्चून भरलं होतं. बाई उठल्या, त्यांनी आपली पाढ्याची गोष्ट सांगितली, पण आता त्यावर लोक हसले. टॅक्सीवाला तावातावानं बोलला. लॉजवाली बोलली. काकू मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसल्या होत्या आणि आपलीच वाक्यं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत होत्या. मग मखमल बोलायला उभा राहिला. काकू पुढे सरकल्या. याच क्षणासाठी वर्ष घालवलं होतं.

मखमलनं सभागृहावरून नजर फिरवली. वारा कुठून वाहतोय हे त्याला सांगावं लागत नसे. "मी कंपनीचा प्रवक्ता म्हणून इथे आलो होतो," तो आपल्या मऊ आवाजात म्हणाला, "पण तुमचं ऐकून मला वाटतं, मी आधी या गावचा आहे. त्याच त्या उड्डाणांतून गावाला काय मिळालं? दणके. मी आज, या व्यासपीठावरून, राजीनामा देतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. कोणी तरी त्याला खांद्यावर घ्यायला निघालं.

काकू बसूनच राहिल्या. वर्षभर चूल त्यांनी फुंकली, डोळ्यांत धूर त्यांनी घेतला, आणि ताटावर येऊन बसला तो! मुंगीनं वारूळ बांधावं आणि नागोबानं आयतं त्यात शिरावं, तसं झालं.

मतदानात चाचण्या हरल्या. कंपनीनं चंबूगबाळं आवरलं. माळावर काँक्रीटचा एक काळा ठिपका आणि वाकडंतिकडं कुंपण उरलं. लॉजवालीच्या खोल्या रिकाम्या पडल्या, टॅक्सीवाल्याची गिऱ्हाइकं घटली, आणि दोघंही मग बाकड्यावर बसून म्हणायला लागले की गावाला हे कोणी सुचवलं कोण जाणे. कंपनीनं दूर दुसरीकडे तळ हलवला आणि लेकही तिकडे गेली. जाताना बापाला मिठी मारली. आईला म्हणाली, "दिवा विझवलास, आई. आणि तो मात्र उजेडातच आहे."

ते खरं होतं. दोन महिन्यांत मखमल नगराध्यक्षपदाला उभा राहिला. भिंतीभिंतीवर त्याचा हसरा चेहरा आणि खाली 'लोकांचा आवाज'. निवडून येणार हे शेंबडं पोरही सांगत होतं.

काकूंना राग आला तो स्वतःचा. एवढं मोठं यंत्र पाडलं आणि माणूस तसाच उभा. आपण खोटं बोललो, तिथेच चुकलो, हे त्यांना कळलं. खोटं कोणाच्याही मालकीचं होतं, ज्याला हवं त्यानं उचलावं. खरं मात्र आपलं एकट्याचं होतं, आणि तेच आपण तोंडातून काढलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांनी रॉकेटचा विषय बंद केला. बेसिनवर मान टेकली की त्या साधेपणानं विचारायच्या, "आमच्या ह्यांना तुम्ही कधी प्यायलेलं पाहिलंय का हो?" माणूस डोळे मिटून विचार करायचा. कोणालाच आठवायचं नाही. "मग कोणी सांगितलं तुम्हाला?" पाणी वाहत राहायचं. "टीव्हीवर... तो मखमल म्हणाला होता ना." "काय म्हणाला होता, नक्की?" आणि माणूस ते वाक्य हळूहळू, शब्दाशब्दानं आठवायचा. आठवता आठवता त्याचे कान लाल व्हायचे. कारण 'आज सरळ चालताय' असं म्हणणारा कदाचित तोच असायचा.

बेकरीवाला तर खुर्चीतून अर्धवट उठून म्हणाला, "माझ्या छपरावरून पडला तो. सकाळी माझ्याकडे दूध पिऊन चढला होता. मी स्वतः दिलं होतं. आणि मी गप्प बसलो!"

"बसलात," काकू म्हणाल्या. "मान सरळ ठेवा."

टीव्हीवरचं ते वाक्य पुन्हा गावाच्या तोंडी आलं तसं मखमलच्या कानावर गेलं. एका दुपारी तो काकूंच्या घरी आला, हातात फळांची पिशवी. काकूंच्या नवऱ्यानं खुर्चीतूनच "बसा, चहा घ्या" म्हटलं. तो तसाच होता.

"वहिनी," मखमल म्हणाला, "माझ्या बोलण्यानं जर कोणाचं मन दुखावलं गेलं असेल, तर मी..."

"'जर' काढा."

"बरं. मन दुखावलं गेलं, याबद्दल..."

"'गेलं' नाही. तुम्ही दुखावलंत. आणि ते इथे नाही बोलायचं. टीव्हीवर बोललात, टीव्हीवर फिरवा. हा माणूस दारू पीत नाही आणि मी खोटं बोललो, एवढे शब्द. पाठ होत नसतील तर बाई पाठ करून घेतील."

मखमल हसला. "वहिनी, निवडणुकीच्या तोंडावर तसं कसं बोलता येईल? नंतर बघू. मी तेव्हा नोकरी करत होतो, तुम्ही समजून घ्या."

"चहा निवतोय," काकू म्हणाल्या.

तो गेल्यावर नवरा हळूच म्हणाला, "सोड ना गं. माफी मागायला आला होता बिचारा."

"मत मागायला आला होता," काकू म्हणाल्या आणि फळांची पिशवी उचलून शेजाऱ्यांच्या शेळीपुढे ओतली.

प्रचाराची शेवटची सभा बाजाराच्या चौकात होती. लाकडी व्यासपीठ, दिव्यांच्या माळा, स्थानिक टीव्हीचा कॅमेरा. काकू पहिल्या रांगेत होत्या. काही ठरवून आल्या नव्हत्या. भाषण संपलं की उठून सगळ्यांसमोर विचारायचं, एवढंच मनात होतं. पण दैव कधी कधी आपणहून पानात वाढतं. मखमलचं नाव पुकारलं गेलं, तो हात हलवत पायऱ्या चढायला लागला, लाउडस्पीकरच्या वायरीत त्याचा बूट अडकला आणि तो धडपडला. पडला नाही. नुसता एक झोका घेतला, कठड्याला धरलं आणि सावरला.

चौकात क्षणभर चिडीचूप होतं. त्या शांततेत काकू उभ्या राहिल्या आणि अगदी मऊ, मखमली आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "संबंधित उमेदवारानं मद्यप्राशन केलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

आधी बेकरीवाला फुटला. मग टॅक्सीवाला. मग चौकच्या चौक. हसणं असं उसळलं की दिव्यांच्या माळा हलतायत असं वाटलं. मखमल माइकपाशी गेला आणि म्हणाला, "मित्रहो, मी पीत नाही." लोक आणखी हसले. "मी दारूला स्पर्शही करत नाही!" त्याचा आवाज चढला, माइक किंचाळला. मागून कोणी तरी ओरडलं, "सगळे हेच म्हणतात, साहेब!" मखमल घामाघूम झाला, हातातले कागद खाली पडले, ते उचलायला वाकला तर पुन्हा हशा. "मी पीत नाही! कोणालाही विचारा!" आता आवाजात मखमलीचा धागाही उरला नव्हता, नुसतं गोणपाट होतं.

काकू त्याच्याकडे डोळे भरून बघत होत्या. आपला नवरा बाजारात उभा राहून हेच सांगत होता तेव्हा कसा दिसला असेल, हे त्यांना आज पहिल्यांदा समोर दिसत होतं. त्यांना दया आली नाही. थंडीत गरम पाण्यात पाय सोडावेत तसं सुख तळव्यांपासून वर चढत गेलं.

कॅमेऱ्यानं सगळं टिपलं होतं. ते चित्र घरोघरी इतक्यांदा फिरलं की लहान मुलं धडपडली तरी एकमेकांना ते वाक्य म्हणायची. मखमल दणकून आपटला. त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला माणूस, ज्याला भाषण करताच येत नव्हतं, तो निवडून आला.

घरी येऊन काकूंनी नवऱ्याला सगळं सांगितलं, आवाज काढून, वायर दाखवून. तो हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. मग थांबला आणि विचारलं, "खरंच प्यायला होता का तो?"

"नाही."

तो पडद्याकडे बघत राहिला. "मग आता त्यालाही घराबाहेर पडवणार नाही."

"नाही पडवणार."

"तुला बरं वाटतंय?"

"हो," काकू म्हणाल्या. आणि ते खरं होतं.

पंधरवड्यानं दुकानात मखमलची बायको आली. बाकड्यावरचा एकेक जण काही तरी काम आठवून उठून गेला. ती खुर्चीत बसली नाही. पर्स पोटाशी धरून उभी राहिली. चांगली बाई होती, पूर्वी महिन्यातून एकदा यायची आणि डोळे मिटून केस धुवून घ्यायची.

"ते पीत नाहीत हो, काकू," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?" तिचा आवाज फाटला. "मग?"

"माझाही पीत नव्हता."

तिची नजर आरशात गेली, तिथे दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या, एकाच उंचीच्या. काकूंनी टॉवेल झटकला आणि घडी घातली. त्या बाईनं काहीच केलं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. आपणही त्या दिवशी इस्पितळात काहीच केलं नव्हतं, हेही ठाऊक होतं. बाई निघून गेली. उन्हाळ्यात मखमलनं घर विकलं आणि दोघं कुठे गेली ते कोणी विचारलं नाही.

काकूंचा नवरा अजूनही खिडकीजवळच बसतो, पण पडदा आता बाजूला असतो. लोक येता-जाता हात करतात, जरा जास्तच करतात. बेकरीवाला रोज संध्याकाळी येऊन त्याच्याशी पत्ते खेळतो आणि मुद्दाम हरतो, ते त्याला कळतं आणि तो चिडतो.

लेकीचा फोन रविवारी येतो, बापाला. तो मुद्दाम स्पीकर लावतो. काकू समोर कात्र्यांना धार लावत बसतात. मध्यंतरी लेक सांगत होती की नव्या तळावर रॉकेट उतरताना कलंडलं आणि मोडलं. आत कोणी नव्हतं. कारण सापडलंय, पुढच्या महिन्यात पुन्हा उडवणार.

परवा शाळेच्या बाई केस कापायला आल्या होत्या. मान मागे टाकून, डोळे मिटून म्हणाल्या, "आता तरी खरं सांग. त्या चाचण्या वाया होत्या असं तुला वाटायचं का?"

"नाही," काकू म्हणाल्या.

"मग बंद का पाडल्यास?"

"मला माणूस पाडायचा होता, बाई. यंत्र मधे आलं."

बाईंनी डोळे उघडले आणि तशाच उलट्या मानेनं त्यांच्याकडे बघितलं, वर्गात खोटं न बोलणाऱ्या पण अभ्यासही न केलेल्या मुलीकडे बघावं तसं. "पोरगी बोलते का तुझ्याशी?"

पाणी जरा जास्तच गरम झालं होतं, काकूंनी नळ फिरवला, मनगटावर घेऊन बघितलं आणि बाईंच्या पांढऱ्या केसांवर सावकाश सोडलं.